काळी खिडकी चमकून गेली, आणि ती गप्प बसली

*नमस्कार दादा,*

*बार्देशात किनाऱ्याजवळच्या एका 34 खोल्यांच्या हॉटेलात मी मॅनेजर आहे. घर डिचोलीला, रोज ये-जा. गेल्या महिन्यात रिसेप्शनवर एक ईमेल आला: 'तुमच्या खोलीत ढेकूण होते, फोटो जोडलेत, उत्तर द्या नाहीतर रिव्ह्यू टाकतो.' ड्युटीवरच्या मुलीने लिंक उघडली. 'मी रोबोट नाही' असं काहीतरी आलं, तिथे सांगितलेली बटणं तिने दाबली. एक काळी खिडकी चमकली आणि गेली. फोटो काही दिसले नाहीत. काउंटरवर चेक-इनची रांग होती, म्हणून तिने ते तिथेच सोडलं.*

*तीन दिवसांनी पाहुण्यांचे फोन सुरू झाले. 'बुकिंग साइटवरून मेसेज करून कार्डाचे तपशील पुन्हा का मागताय?' दोघांनी पैसे भरलेसुद्धा होते, त्यातल्या एकाचे 38 हजार गेले. मालकांनी सगळ्यांसमोर त्या मुलीला झापलं आणि पगारातून 5 हजार कापले. मग पणजीहून एक ट्रेनर आणला. दोन तास इंग्रजीतून स्लाइड्स. आमच्याकडे 26 माणसं. कोणी कोकणी-मराठी बोलणारे, कोणी ओडिशाचे, कोणी नेपाळचे. सगळ्यांनी सह्या केल्या, समोसे खाल्ले, झालं. आता मालक म्हणतात, तिला काढा आणि बाकीच्यांना 'नीट ट्रेन' करा. तिला काढावं का? आणि हे शिकवायचं तरी कसं?*

*ता. क. बारमधला प्रिंटर परवापासून केओटी (ऑर्डरची चिठ्ठी) दोन-दोनदा छापतोय. हाही व्हायरस का?*

*— एक मॅनेजर, बार्देश*

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: नको.

पुढचं सगळं वाचायच्या आधी एक करा. ते कापलेले 5 हजार परत द्यायला लावा. मी हे दयेपोटी सांगत नाही. तिने बटणं दाबली त्याला दहा सेकंद लागली. नुकसान झालं ते पुढच्या तीन दिवसांत. त्याच संध्याकाळी ती तुमच्याकडे येऊन 'ताई, काहीतरी काळं चमकून गेलं, मला बरं वाटत नाही' असं म्हणाली असती, तर तुम्ही बुकिंग साइटचा पासवर्ड बदलला असता आणि त्या पाहुण्याचे 38 हजार बहुतेक वाचले असते. ती का आली नाही? रांग होती हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं तुम्हालाही ठाऊक आहे. आणि आता पगार कापलेला 26 जणांनी पाहिला. तुमच्या पात्रांवांनी, म्हणजे मालकांनी, घेतलेलं पहिलं ट्रेनिंग ते, आणि ते पणजीच्या ट्रेनरपेक्षा कितीतरी प्रभावी ठरलं. गप्प बसायचं, हे सगळ्यांना एका दिवसात समजलं.

आता त्या मुलीच्या बाजूने आणखी थोडं, मालकांना वाचून दाखवता येईल असं. तिला जे आलं ते एखाद्या पोराने गंमत म्हणून पाठवलेलं नव्हतं. मायक्रोसॉफ्टने मार्च 2025 मध्ये नेमकी हीच तऱ्हा उघड केली: एका प्रसिद्ध बुकिंग साइटच्या नावाने ईमेल, डिसेंबर 2024 पासून चाललेले, हॉटेल व्यवसायालाच लक्ष्य करणारे, दक्षिण आशियासकट जगभर. कधी पाहुण्याची तक्रार, कधी नव्या बुकिंगची चौकशी, कधी 'तुमचं खातं पडताळा'. त्यांना माहीत असतं की हॉटेलातला माणूस तक्रार पाहिली की हातातलं काम टाकून उत्तर द्यायला धावतो. आपणच त्याला तसं शिकवलेलं असतं. ढेकूण म्हटल्यावर जी मुलगी लिंक उघडणार नाही ती तुमच्या रिसेप्शनला चालली असती का? चोराने तिच्या निष्काळजीपणाचा फायदा घेतला नाही, तिच्या तत्परतेचा घेतला.

ती बटणं कोणती, हेही नीट समजून घ्या, कारण पुढच्या वेळी ढेकणांऐवजी दुसरं काही असेल, पण बटणं बहुधा तीच असतील. 'मी रोबोट नाही' हा खरा प्रकार आपण सगळे रोज पाहतो. एक टिक करा, नाहीतर बसचे फोटो निवडा, एवढंच. खोट्या पानावर मात्र लिहिलेलं असतं: आधी विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. तुम्ही त्या पानावर टिक करता तेव्हाच पानाने गुपचूप एक आज्ञा तुमच्या कॉपी-पेस्टच्या जागेत ठेवलेली असते. विंडोज-आरने आज्ञा लिहायची चौकट उघडते, कंट्रोल-व्हीने ती आज्ञा त्यात पडते आणि एंटरने सुटते. म्हणजे दार चोराने फोडलं नाही, आपल्याच हाताने कडी काढून घेतली. अँटिव्हायरस अनेकदा गप्प राहतो, कारण त्याच्या दृष्टीने घरच्याच माणसाने आज्ञा दिली. काळी खिडकी चमकली ती तेव्हा. त्या आज्ञेने साठवलेले पासवर्ड बहुधा चोराकडे गेले, आणि त्यांच्या जोरावरच त्याने बुकिंग साइटवरून तुमच्या नावाने पाहुण्यांना मेसेज केले.

म्हणून सव्वीसच्या सव्वीस जणांना पाठ करून घ्यायचं पहिलं वाक्य हे: वेबसाइटने कीबोर्डवरचं विंडोजचं बटण दाबायला सांगितलं की हात वर. बस. याच्यामागचं कारण समजलं नाही तरी चालेल.

(त्या मशीनचं काय केलंत, ते पत्रात नाही. नुसतं अँटिव्हायरस फिरवून पुन्हा रिसेप्शनवर ठेवलं असेल तर आजच काढा आणि पूर्ण पुसून विंडोज नव्याने घाला. ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड गेले असं धरून चाला. ते दुसऱ्या, स्वच्छ कंप्युटरवरून बदला, आणि बदलताना 'सगळीकडून लॉग-आउट करा' हा पर्याय विसरू नका. नाहीतर चोर जुन्या लॉग-इनवर तसाच आत बसून राहतो. बुकिंग साइटला आणि ईमेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. सरकारी नोंदीसाठी स्कॅन केलेले परदेशी पाहुण्यांचे पासपोर्ट त्याच मशीनवर होते का, तेही बघा. असतील तर वकिलांशी बोलून घ्या.)

आता शिकवण्याकडे येऊ, पण आधी माझी एक फजिती सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी एका वितरकाच्या ऑफिसात कंप्युटर सांभाळायचो. दुपारी साडेतीनला तिथल्या अकाउंटंटचा माऊस आपोआप हलायला लागला. त्याने काय केलं? हात बाजूला घेतला आणि चहा प्यायला लागला. कारण मला सवय होती: मी माझ्या घरून, कोणाला न सांगता, कोणाच्याही मशीनमध्ये शिरून अपडेट टाकायचो. त्याला वाटलं, सर आलेत. पाच-सात मिनिटं झाल्यावर त्याने नोटपॅड उघडून टाइप केलं, 'सर, झालं की सांगा, व्हाउचर टाकायचेत.' पलीकडून उत्तर आलं, 'टू मिनिट्स.' चोरसुद्धा किती शिष्ट! सकाळी 'अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या कंपनीतून' म्हणून फोन आला होता, लायसन्स नवं करायचं आहे म्हणून याच्याकडून एक छोटं सॉफ्टवेअर टाकून घेतलं होतं, त्यातून ते आत आले होते. मालक एका लग्नात जेवायला बसले होते. त्यांच्या फोनवर ओटीपी आला, म्हणून त्यांनी ऑफिसात विचारलं की आज एवढं पेमेंट कोणाला चाललंय, आणि तिथे ते थांबलं.

सगळे त्या अकाउंटंटवर तुटून पडले. पण चूक माझी होती. माऊस आपोआप हलणं ही त्या ऑफिसात नेहमीची गोष्ट मीच करून ठेवली होती. त्यानंतर मी आधी फोन केल्याशिवाय कोणाच्या मशीनला हात लावलेला नाही.

आपल्याकडे पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी पों-पों करत येतो. त्या आवाजाने कोणी खिडकीत येऊनही बघत नाही, पाव हवा असेल तोच बाहेर पडतो. तोच पोदेर रात्री अडीचला पों-पों करत वाड्यात शिरला तर अख्खा वाडा दिवे लावून बाहेर येईल. कोणी त्यांना 'संशयास्पद पोदेर कसा ओळखावा' याचं ट्रेनिंग दिलेलं नसतं. त्यांना रोजचा पोदेर ठाऊक असतो, एवढंच. कंप्युटरच्या बाबतीत गोची अशी की बहुतेकांना रोजचंच ठाऊक नसतं. मशीन सुरू व्हायला किती वेळ लागतो, नाईट ऑडिट (दिवसाचा हिशेब बंद करणं) किती वाजता चालतं आणि त्यात पंखा किती वेळ घरघरतो, सकाळी कोणते रिपोर्ट आपोआप छापून येतात, सॉफ्टवेअरवाला कुठल्या वारी आत येतो, हे कोणी कोणाला सांगितलेलंच नसतं. मग वेगळं ते ओळखायचं कशावरून?

तेव्हा पहिल्या आठवड्यात धोक्यांबद्दल एक शब्दही बोलू नका. प्रत्येक मशीनपाशी एक साधी वही ठेवा आणि तिथे बसणाऱ्यांनाच लिहू दे, त्यांच्या भाषेत, की 'हे रोज असं होतं'. रिसेप्शनची वेगळी, अकाउंट्सची वेगळी, बारची वेगळी. पान-दोन पानं होतील. आणि तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला बजावा: येण्याआधी फोन, आणि वहीत नोंद.

या वहीची किंमत मालकांना पटत नसेल तर ढाक्याची गोष्ट सांगा. बांगलादेशची मध्यवर्ती बँक, 5 फेब्रुवारी 2016, शुक्रवार, म्हणजे तिथला सुट्टीचा वार. व्यवहारांच्या पावत्या रात्रंदिवस आपोआप छापणारा एक प्रिंटर होता. सकाळी बघतात तर ट्रे रिकामा. ड्युटीवरच्या लोकांना वाटलं, बिघडला असेल, प्रिंटर बिघडतातच. प्रत्यक्षात चोरांनीच तो मुका केला होता. आदल्या रात्री त्यांनी बँकेच्या नावाने न्यूयॉर्कला सुमारे 95 कोटी डॉलर हलवण्याचे आदेश पाठवले होते. त्यातले 8.1 कोटी डॉलर मनिलाला पोचले. श्रीलंकेकडे निघालेले 2 कोटी चोरांच्या हाती लागले नाहीत, कारण ज्या संस्थेच्या नावावर पैसे जायचे तिच्या नावातलं 'फाउंडेशन' हे स्पेलिंग चुकून 'फँडेशन' झालं होतं आणि वाटेतल्या एका बँकेने थांबून विचारलं. आणि चोर आत शिरले कसे? सुमारे वर्षभर आधी, नोकरीच्या अर्जाचे ईमेल पाठवून.

बघा, एकाच प्रकरणात दोन्ही आलं. रिकामा ट्रे पाहून कोणी विचारलं नाही, आणि चुकलेलं अक्षर पाहून कोणीतरी विचारलं. वारही मुद्दाम निवडलेला. तुमच्याकडे तो वार म्हणजे चवथीचे दिवस, नाताळ ते नवं वर्ष, आणि कुठल्याही शनिवारची रात्र, जेव्हा रिसेप्शनवर एकच माणूस असतो आणि मॅनेजर डिचोलीला झोपलेली असते.

दुसऱ्या आठवड्यापासून वहीच्या उलट्या बाजूने सुरू करा: 'आज हे वेगळं दिसलं'. काय काय वेगळं दिसू शकतं, ते सांगताना मोठी यादी देऊ नका, तुमच्या हॉटेलातलंच सांगा. खिडकी चमकून जाणं. माऊस हलणं. काल चालणारा पासवर्ड आज न चालणं. न मागता ओटीपी येणं. असा ओटीपी आला म्हणजे पासवर्ड कोणाच्या तरी हाती असू शकतो, हे लोकांच्या ध्यानात येत नाही, ते मेसेज पुसून टाकतात. सेंट मेलमध्ये आपण न लिहिलेलं पत्र. पाहुण्याचं उत्तर यायला हवं होतं ते इनबॉक्समध्ये न दिसणं. चोर अनेकदा ईमेलमध्ये नियम लावून ठेवतात की अमुक नावाची पत्रं परस्पर दुसऱ्या फोल्डरात जावीत. अँटिव्हायरसचं चिन्ह नाहीसं होणं. फाइलींची नावं बदलणं. आणि तुमच्या धंद्यात सगळ्यात महत्त्वाचं, जे कंप्युटरवर दिसतच नाही: पाहुण्याचा फोन. 'तुम्ही मेसेज केला होता का?' असं एकाने जरी विचारलं, तरी ती तक्रार नव्हे, ती आगीची घंटा. ज्याने तो फोन घेतला त्याने 'नाही सर, आम्ही नाही केला' म्हणून ठेवून दिला तर संपलं. तुमच्याकडे पहिला असा फोन कोणी घेतला होता आणि दुसरा येईपर्यंत किती वेळ गेला, ते न ओरडता विचारून बघा.

वेगळं दिसलं तर करायचं काय? नेटची वायर काढायची, वाय-फाय बंद करायचं. मशीन मात्र चालूच ठेवायचं, कारण बंद केलं की आत काय चाललं होतं त्याच्या खुणा पुसल्या जातात. नेटपासून तोडताच येत नसेल तर मग बंद करा. मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढायचा. तुम्हाला फोन करायचा, रात्री अडीच वाजले असले तरी. वायर कुठली हे आज रात्रपाळीवाल्याला माहीत आहे का? वायरीला लाल चिकटपट्टी लावा. मला हसू नका, तीस वायरींच्या जंजाळात घाबरलेला माणूस चुकीची वायर काढतो.

आता येणाऱ्या निरोपांबद्दल. ट्रेनरने तुम्हाला सांगितलं असेल की स्पेलिंगच्या चुका बघा. 2016 मध्ये ते चाललं. आता कुठलाही चोर एआयकडून निर्दोष इंग्रजी लिहून घेतो, आणि मराठीसुद्धा. भाषेवर जाऊ नका, मागणीवर जा. निरोपात घाई आहे का, 'कोणाला सांगू नका' आहे का, आणि नेहमीची वाट सोडून वेगळ्या वाटेने जायला सांगतायत का: नवा खाते क्रमांक, नवा फोन नंबर, नवी लिंक, नवं ॲप. या तिन्हीतलं एक जरी असेल तरी थांबायचं, आणि दुसऱ्या वाटेने विचारायचं. दुसरी वाट म्हणजे त्याच ईमेलला उत्तर नव्हे, ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोनही नव्हे. आपल्या जुन्या रजिस्टरात असलेला नंबर.

समजा बेळगावहून तुम्हाला भाजी पुरवणाऱ्याच्या ईमेलवरून पत्र आलं, 'आमचं खातं बदललंय, या महिन्याचं बिल नव्या खात्यावर टाका', सोबत त्याचं खरं बिल, खरी रक्कम. हे खोटं कसं असेल, असं अकाउंट्सवाल्याला वाटणारच. असू शकतं, कारण भाजीवाल्याचाच ईमेल चोराने ताब्यात घेतलेला असतो. पत्ता खरा, बिल खरं, फक्त खातं चोराचं. इथे डोळ्यांनी काही कळत नाही, फक्त फोनने कळतं. खाते क्रमांक बदलायचा तर जुन्या नंबरवर बोलल्याशिवाय नाही, हा नियम लिहून अकाउंट्सच्या भिंतीवर लावा, आणि खाली मालकांची सही घ्या.

मालकांची सही का? कारण या सगळ्यातलं सगळ्यात कच्चं दार मालकच असतात. 'मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस, लगेच या नंबरवर 40 हजार टाक', हा व्हॉट्सॲपवरचा मेसेज, वर मालकांचाच फोटो. हा खोटा आहे हे ओळखणं कठीण नाही. कठीण असतं ते मालकांना फोन करून 'तुम्हीच आहात ना?' विचारणं. ज्या ऑफिसात खरे मालकही असेच मेसेज करतात आणि उलट विचारलं तर खेकसतात, तिथे खोटा मेसेज शंभर टक्के चालतो. त्यामुळे पात्रांवांना एकदा सगळ्यांसमोर उभं राहून सांगू दे: 'मी व्हॉट्सॲपवरून पैसे मागणार नाही. मागितले तर मला फोन करा. मी जेवत असलो, झोपलो असलो, तरी चिडणार नाही.' आणि मग पहिला फोन येईल तेव्हा त्यांनी खरोखर चिडता कामा नये. ते ही तीन वाक्यं बोलायला तयार नसतील तर ताई, बाकीचं ट्रेनिंग करूच नका. वेळ वाया जाईल.

पत्ते वाचायला शिकवा, पण थोडंच. वेबसाइटचा पत्ता पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंत घ्यायचा आणि उजवीकडून मागे वाचायचा. शेवटचे दोन-तीन तुकडे हेच घराचं नाव, त्याच्या आधी बँकेचं, साइटचं, देवाचं कुठलंही नाव लावता येतं. इंग्रजी आर आणि एन जवळजवळ ठेवले की एम दिसतात, हे फळ्यावर लिहून दाखवा, लोकांना मजा वाटते आणि लक्षात राहतं. बँकांपुरतं काम सोपं झालंय: रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' असा शेवट असलेल्या पत्त्यांवर जायला सांगितलं होतं, आणि तो शेवट कोणा ऐऱ्यागैऱ्याला मिळत नाही.

शिकवायचं कधी आणि कुठे? दोन तासांचे वर्ग विसरा. शिफ्ट बदलताना हँडओव्हर होतो तेव्हा, आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं, उभ्याउभ्या. कोकणी, मराठी, हिंदी, जे चालेल ते. सुरुवात हॉटेलच्या ईमेलने करू नका. 'या आठवड्यात तुमच्या स्वतःच्या फोनवर काय आलं?' असं विचारा. कोणाला 'आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर फोन करा' आलेलं असेल. कोणाला लग्नाची पत्रिका, जी उघडायला गेलं तर एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल असते. ती टाकली की तुमचे एसएमएस, म्हणजे ओटीपी, चोराला दिसायला लागतात. कोणाला व्हिडिओ कॉलवर 'पोलिस' भेटलेले असतील, 'डिजिटल अरेस्ट' म्हणून. असली अटक कायद्यात नाही, पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्येही ते सांगितलं, तरी हाउसकीपिंगच्या एखाद्या बाईला त्या दिवशी काय वाटलं असेल ते तिच्या तोंडून ऐका. तिची गोष्ट ऐकून बाकीचे जे शिकतील ते स्लाइडने शिकणार नाहीत. आणि आपले पाच हजार जपायला शिकलेला माणूस हॉटेलचेही जपतो. हाउसकीपिंग-किचनला वगळू नका. त्यांच्याकडे कंप्युटर नसेल, पण 'मेंटेनन्सवाला' म्हणून सर्व्हर ठेवलेल्या खोलीपर्यंत जाणारा अनोळखी माणूस त्यांनाच आधी दिसतो.

मुद्दाम खोटे ईमेल पाठवून परीक्षा घ्यावी का, असं कोणीतरी तुम्हाला सुचवेल. घ्या, पण सांगून: 'या महिन्यात एक खोटा येणार आहे, पकडा.' आणि मोजायचं ते किती जण फसले हे नव्हे, पहिल्याने कळवायला किती मिनिटं लागली हे. बोनस-पगाराच्या नावाने फसवू नका. एका मोठ्या अमेरिकन कंपनीने डिसेंबर 2020 मध्ये नाताळच्या बोनसचं आमिष दाखवणारा असा परीक्षेचा ईमेल काढला, लोकांना वाटलं खरंच पैसे मिळणार, आणि शेवटी कंपनीलाच माफी मागावी लागली.

थोडं कायद्याचं, पटकन. पैसे गेले की आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन आणि बँकेला फोन. पहिल्या तासा-दोन तासांत पैसे वाटेत गोठवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त. मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. गोव्याचं सायबर पोलिस ठाणं रायबंदरला आहे. 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, कळवायची असते. 6 तास म्हणजे फार थोडे, हे लिहून ठेवा. त्या दोन पाहुण्यांनाही सांगा की तक्रार त्यांनी स्वतः नोंदवायला हवी. ते परदेशी असतील तर तुम्ही मदत करा, नुसता नंबर देऊन मोकळं होऊ नका.

आणि ती मुलगी. तिला पहिल्या दहा मिनिटांच्या बैठकीत बोलायला सांगा, पण आधी एकटीला विचारा, नको म्हणाली तर नको. हो म्हणाली तर ती फळ्यावर ती तीन बटणं लिहील आणि सांगेल की तिला तेव्हा नेमकं काय दिसलं. तुमच्या हॉटेलात ही गोष्ट प्रत्यक्ष पाहिलेली ती एकटी आहे. तिला काढलीत तर ते ज्ञानही तिच्याबरोबर समोरच्या हॉटेलात जाईल.

राहता राहिला बारमधला प्रिंटर. दोनदा केओटी निघणं हे बहुतेक वेळा सेटिंगचं असतं, एकाच काउंटरला प्रिंटर दोनदा जोडला गेलेला असतो किंवा प्रतींच्या जागी कोणी 2 टाकलेले असतात. बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याला बोलवा, मात्र करारावर छापलेल्या नंबरवर तुम्हीच फोन करून. परवापासून कोणी 'प्रिंटरचा प्रॉब्लेम आहे ना, मी ऑनलाइन येतो' म्हणून स्वतःहून फोन केलेला असेल तर मला लगेच कळवा, मग मात्र ते सेटिंगचं नसेल. आणि प्रिंटर दोनदा छापतोय हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं, बारमनच्या की वेटरच्या? 'आज हे वेगळं दिसलं' या पानावरची पहिली नोंद त्याच्या हाताने होऊ दे, तारीख आणि वेळ घालून.